निरोपाचं भाषण

एका गावात एक शाळा होती आणि तिथल्या निरोपसमारंभांची पंचक्रोशीत मोठी ख्याती होती.

त्याचं कारण असं. शिकवण्याची सनद राजधानीतली विद्यासभा देई. कोणी शिक्षक वाईट वागला तर सभेला कळवायचं, सभा दोन्ही बाजू ऐकून निवाडा करील, असा राजाचा नियम होता. पण कळवायचं कोणी? आईबाप म्हणत, आपलं पोर त्यांच्याच हाताखाली आहे, उगाच कशाला. शिक्षक म्हणत, आईबापच काही बोलत नाहीत, तर आपण कोण. मुख्य गुरुजींना शाळेच्या नावाची काळजी. मग कुरकुर फार वाढली की गाव त्या शिक्षकाला शाल-नारळ देऊन, तोंडभर कौतुक करून शेजारच्या गावी पाठवून देई. शेजारचं गावही काही कमी नव्हतं. त्यांना नको झालेले शिक्षक तेही असेच वाजतगाजत इकडे धाडत.

खंडोजी गुरुजी असेच वाजतगाजत आले होते. पाढा चुकला की ते मुलांच्या बोटांवर रूळ मारत. गोदी नावाच्या मुलीची बोटं तर अशी सुजली की तिला पाटीवरची पेन्सिल धरवेना. ती शाळेत येईनाशी झाली.

पलीकडच्या वर्गात विसाजी गुरुजी शिकवत. मनाने फार चांगले. ते गोदीच्या घरी गेले, तिच्या बोटांना हळद लावली, दोन गोड शब्द बोलले आणि आपलं काम झालं असं समजून परत आले. चांगल्या माणसांचं समाधान कधीकधी फार स्वस्तात होतं.

अखेर खंडोजींचा निरोप ठरला. भाषण नेहमीप्रमाणे विसाजींकडे आलं, कारण त्यांच्याइतकं गोड बोलणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

समारंभाच्या दिवशी शेजारच्या गावची माणसं नव्या गुरुजींना न्यायला बैलगाडी घेऊन आली. त्यांत तानूबाई होती, आणि तिच्या पदराला धरून तिची लहान लेक. तानूबाई विसाजींना म्हणाली, "गुरुजी, हिला यंदा शाळेत घालायचीय. पोर भित्री आहे. नवे गुरुजी चांगले आहेत एवढं तुम्ही सांगितलंत, की मी निर्धास्त झाले बघा."

विसाजींनी त्या मुलीच्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ते उभे राहिले.

"मी आज खंडोजींचं कौतुक करणार नाही," ते म्हणाले. "ते मुलांना मारतात. मी भिंतीपलीकडून रोज ऐकलं आणि गप्प बसलो. उद्या मी विद्यासभेला कळवायला निघतो आहे."

मुख्य गुरुजी संतापले. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणता? सोबत्याच्या पोटावर पाय देता?"

"त्यांचं म्हणणं सभा ऐकेलच," विसाजी म्हणाले. "मुलांचं आजवर कोणी ऐकलं?"

मग गोदीचे वडील उठले. "मी येतो तुमच्याबरोबर. कोणीतरी आधी उठेल म्हणून थांबलो होतो, झालं." त्यांच्यामागून एक आई उठली, मग आणखी एक. तानूबाईने लेकीला उचलून कडेवर घेतलं. गाडी गुरुजींना न घेताच परत गेली.

विद्यासभेने खंडोजींचं ऐकलं, मुलांचंही ऐकलं आणि खंडोजींची सनद काढून घेतली. मुख्य गुरुजींनी विसाजींशी बोलणं टाकलं. विसाजींना त्याचं वाईट वाटलं, पण झोप मात्र चांगली लागू लागली.

पुढे गोदी शाळेत परत आली. विसाजींनी तिला आपल्या वर्गात बसवून घेतलं. तिने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला पलीकडे ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"चुकलो, बाळ," विसाजी म्हणाले.

गोदीने पाटी त्यांच्यासमोर ठेवली.

"मला सातचा पाढा येत नाही," ती म्हणाली. आणि हे सांगताना तिने हात मागे लपवले नाहीत.

तात्पर्य: शिक्षकाचं गैरवर्तन कळवण्याचं काम ज्याला ते दिसलं त्याचं असतं, मग तो पालक असो, सोबती असो की मुख्य गुरुजी. दुसरा कोणी कळवेल म्हणून आपण थांबतो, तेव्हा मार मुलांनाच बसत राहतो.