शेवटांची पेटी

एका राज्यात गोष्टींना शेवट उरले नव्हते.

सगळे शेवट राजवाड्यात होते, एका काळ्या शिसवी पेटीत. त्या राज्याचा राजा शीलध्वज. त्याला गोष्टींचा नाद मोठा, पण धीर थोडा. वनवास ऐकवेना, वियोग सोसवेना. "शेवटी काय झालं तेवढं सांगा," म्हणे. एकदा त्याने उत्तरेच्या डोंगरावरच्या अघोरदत्त मांत्रिकाला बोलावून घेतले आणि मागणे मागितले, "राज्यातल्या सगळ्या गोष्टींचे शेवट मला एका जागी आणून दे." मांत्रिकाने आणून दिले. राजाने झाकण उचलले, तर आत निळे खडे. खडा हाती घ्यावा तर थंडगार आणि मुका. राजाने झाकण लोटले, ते पुन्हा उघडेना.

त्या दिवसापासून कोणतीही गोष्ट तडीला जाईना. आईच्या गोष्टीतला राक्षस दाराशी येई आणि आईची जीभ थांबे. पोरे टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहत. न्यायसभेत साक्षीदार शपथ घेई, निम्मे सांगे, आणि मुका होऊन खाली बसे. तुरुंग भरत चालले.

दरबारात अंबुजा नावाची कथेकरीण होती. वीस वर्षे तिने राजाला रिझवले होते. तिची रीत ठरलेली: आधी शेवट निवडायचा, मग माणसांना त्याच्याकडे हाकत न्यायचे. आता हाकायला जागाच उरली नव्हती. पण तिचे दुःख त्याहून जवळचे होते. तिचा धाकटा भाऊ नागोजी नावाडी तुरुंगात होता.

झाले होते असे. पावसाळ्याच्या पुरात नागोजीची नाव उलटली. राजाचा भाऊ कुमार रत्नपाल बुडाला. नागोजी वाचला, आणि चंपा नावाची एक कुंभारीण तान्ह्या लेकरासह वाचली. राजा म्हणाला, "माझा भाऊ कसा गेला, ते सांग." नागोजी सांगू लागे, "वारा फिरला, नाव कलंडली, आम्ही पाण्यात पडलो, आणि मी..." तेवढ्यावर त्याचे ओठ मिटत. चंपाचेही तसेच. राज्याचा कायदा असा, की वर्षभरात आरोपीचा जबाब पुरा झाला नाही, तर त्याला मिठाच्या बेटावर सोडायचे. तिथून कोणी परतत नसे. वर्ष भरायला एक महिना उरला होता.

अंबुजा डोंगर चढून मांत्रिकाकडे गेली. तो उन्हात बसून जवस पाखडत होता.

"पेटी उघडा," ती म्हणाली.

"राजानं मागितलेलं मी दिलं. उघडायचं काम गोष्ट सांगणाऱ्याचं. तीन गोष्टी करशील?"

"करीन."

"खालच्या रानात वडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली आहे. तिच्या तोंडून 'मग?' एवढा एक शब्द काढून ये."

अंबुजा वडाखाली गेली. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले, फटीतून फक्त पिवळी चोच दिसत होती. अंबुजाने सात राण्यांची गोष्ट लावली. चोच आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने सोन्याच्या नगरीची गोष्ट लावली, हिऱ्यांचे तट वर्णिले, हत्तींची झूल वर्णिली. ढोलीतून घोरणे ऐकू आले. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला होता, पोटात अन्न नव्हते. गोष्ट सांगायचे त्राणही नव्हते. ती खोडाला टेकून नुसती बोलत बसली. "एक बाई होती. तिच्या भावाला लहानपणी तिनं खांद्यावर बसवून नदी दाखवली होती. त्याला पाण्याचं वेड तिनंच लावलं. आता तो कोठडीत आहे, आणि तिला तो घरी हवा आहे. दुसरं काही नको."

चोच बाहेर आली. "मग?" पक्षीण म्हणाली.

अंबुजा दचकली. पक्षीण पुढे बोलली, "बाई, तुझ्या राण्यांना काही नको होतं, हत्तींनाही नको होतं. मी कशाला जागी राहू? या बाईला काहीतरी हवं आहे."

अंबुजाने परत डोंगरावर जाऊन हे सांगितले, तेव्हा मांत्रिकाने मान डोलावली. "आता पलीकडची बिनवाटेची खिंड ओलांड. तुझं बोलणं जसं जाईल, तशी वाट फुटेल. पलीकडे किल्ली टांगलेली आहे."

खिंडीत धुके होते. अंबुजा बोलू लागली. "ती बाई घरून निघाली, आणि मग डोंगरावर आली, आणि मग रानात गेली, आणि मग..." पायाखाली वाट उमटत गेली खरी, पण थोड्या वेळाने समोर तोच तुटका कातळ आला, जिथून ती निघाली होती. पुन्हा निघाली, पुन्हा तोच कातळ. दिवस डोक्यावर आला तरी तिचे भटकणे सरेना. शेवटी चिडून ती म्हणाली, "तिला पुढं जायचं होतं, पण वाट फिरून तिथंच येत होती!"

पुढे खडक फाटल्याचा आवाज झाला. धुके जरा हटले आणि समोर खोल दरी दिसली. अंबुजा काठावर थबकली. 'पण' म्हणताच खडक फाटला होता; आता तिने 'म्हणून' जोडून पाहिले. "दरी आडवी आली, म्हणून ती मागे वळली नाही, वेली शोधू लागली." पायापाशी वेलींचा जुडगा पडला. "वेली बळकट होत्या, पण तिचे हात त्यांवरून घसरत होते." हात खरेच घसरू लागले. "म्हणून तिनं पदर फाडून मनगटं वेलीला बांधली." अशी एकेका 'पण'ने अडत आणि एकेका 'म्हणून'ने सुटत ती दरी उतरली आणि चढली. तळवे सोलून निघाले. पलीकडे बाभळीच्या काट्याला लोखंडी किल्ली टांगली होती.

किल्ली घेऊन ती परत आली, तेव्हा मांत्रिक उठून उभा राहिला.

"तिसरं काम अवघड आहे. ही किल्ली पेटीला लाव आणि भर सभेत भावाची गोष्ट सांग. पण तिचा शेवट तुझ्या मनात आधी ठरलेला असता कामा नये."

अंबुजाचा चेहरा उतरला. तिने शेवट कधीच ठरवला होता. वर्षभर, कोठडीच्या दाराशी बसून. त्यात नागोजी कुमाराचा हात धरून होता, लाटेने हात सोडवला, आणि नागोजी रडत राहिला.

"तो शेवट सुंदर आहे," ती म्हणाली. "सगळे त्याला सोडतील."

"ठरलेले शेवट पेटीच्या मालकीचे. सभेत उच्चारशील, तर त्याचाही खडा होईल."

"आणि खरा शेवट वाईट निघाला तर?"

मांत्रिक पुन्हा खाली बसला. तो जवस पाखडू लागला.

डोंगर उतरताना अंबुजा दोनदा थांबली. सभेत जाऊच नये, भाऊ बेटावर गेला तरी निदान निर्दोष म्हणून आठवता येईल, असे तिला वाटले. मग तिला कोठडीतला नागोजी आठवला. वर्षभरात त्याने एकदाही तिच्या डोळ्यांत पाहिले नव्हते. ते ओझे त्याच्याबरोबर बेटावर जाणार होते. ती चालू लागली.

सभा भरली. राजा सिंहासनावर, पेटी त्याच्या पायाशी, नागोजी साखळदंडात. चंपा लेकरू घेऊन खांबाशी उभी. अंबुजाने किल्ली पेटीला लावली. ती फिरेना. तिने ती तशीच राहू दिली आणि भावासमोर जमिनीवर बसली.

"नागोजी, नाव कलंडली. तेव्हा तुला काय हवं होतं?"

"अक्का, मला सांगता येत नाही. शेवट..."

"शेवट मी विचारलाच नाही. पाण्यातून डोकं वर काढलंस. त्या घटकेला काय हवं होतं?"

नागोजीने डोळे मिटले. "सगळे जगायला हवे होते."

"पण?"

"पण हाताशी फळी एकच होती."

"म्हणून?"

"म्हणून मी कोण कुठं आहे ते पाहिलं. चंपा डावीकडं, लेकरू डोक्यावर धरून. कुमार उजवीकडं, जरा लांब."

इथवर तो कधीच आला नव्हता. अंबुजालाही पुढचे ठाऊक नव्हते, आणि आयुष्यात प्रथमच तिने ते ठाऊक असल्याचा आव आणला नाही.

"मग?" तिने हळूच विचारले.

"कुमारांना पोहता येत होतं. मी त्यांना कितीदा पोहताना पाहिलं होतं. म्हणून मी फळी चंपाकडं लोटली."

राजा पुढे झुकला. "त्यानं तुला हाक मारली?"

"मारली, महाराज. दोनदा." नागोजी थांबला नाही. "पहिली हाक ऐकली, तेव्हा मी चंपाचा हात फळीवर ठेवत होतो. वाटलं, ते येतील पोहत. दुसऱ्या हाकेला वळलो. तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं. माझा अंदाज चुकला, महाराज. मी त्यांना मारलं नाही, पण मी चुकलो."

कुलूप आपोआप फिरले. झाकण उघडले आणि निळे खडे पाण्यासारखे वितळून पेटीच्या काठावरून वाहिले, पायऱ्या उतरले, दाराबाहेर गेले. नगरात एकदम गलका झाला. घराघरांत माणसे अडकलेली वाक्ये पुरी करत होती.

राजाला तो गलका ऐकू आला नाही. तो चेहरा झाकून बसला होता. मग हात खाली घेऊन म्हणाला, "वर्षभर मला फक्त शेवट हवा होता. ही मधली घटका मी कुणाला विचारलीच नाही." मग त्याने निवाडा दिला. नागोजीवर खुनाचा आरोप नाही. यापुढे कोणत्याही नावेवर एकटा नावाडी असणार नाही, आणि माणसांइतक्या फळ्या असल्याखेरीज नाव सुटणार नाही. इतर कैद्यांचे जबाब दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले.

नागोजी घरी आला, पण नदीकडे फिरकेना. अंबुजाने त्याला काही समजावले नाही. दोन वेळा जेवू घातले, शेजारी बसली. महिन्याने एका सकाळी तो स्वतःच उठला, नावेची भोके बुजवली, माणसांइतक्या फळ्या आत ठेवल्या आणि एका जोडीदार नावाड्याला घेऊन घाटावर गेला. लोक काठावर उभे राहून पाहत होते, चढत कोणी नव्हते.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. राजा शीलध्वज पायी आला होता, मागे फक्त एक भालदार.

"पलीकडे सोडशील?" राजाने विचारले.

"सोडतो, महाराज."

राजा नावेत चढला आणि मधल्या फळीवर बसला. अंबुजा काठावर उभी होती. पलीकडे काय होईल, राजा आणि नागोजी वाटेत काय बोलतील, हे तिला माहीत नव्हते, आणि तिने ठरवलेही नाही. नागोजीने वल्हे पाण्यात घातले. नाव हलली.

त्या राज्यात अजून गोष्टी सांगतात, आणि त्या पुऱ्या होतात. ही त्यांतली एक, ती इथे पुरी झाली.