न कुटलेले सागरगोटे

नदीकाठच्या एका गावात एक वैद्य राहत होते आणि ते कधी हसत नसत. नीलकंठशास्त्री त्यांचे नाव. त्यांना हसताना पाहिले असे सांगणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता, आणि तो मोतीबिंदूवर औषध न्यायला आलेला होता.

पण शास्त्रीबुवांच्या हाताला गुण होता. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवली, की नाडी सापासारखी सरपटते आहे, बेडकासारखी उड्या मारते आहे की हंसासारखी डुलत चालली आहे, हे त्यांना डोळे मिटून कळे. चाळीस गावांचे रोगी त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. तिथे मोठ्याने बोलायचे नाही आणि हसायचे तर मुळीच नाही, असा दंडक होता. गांभीर्य हे निम्मे औषध आहे, असे शास्त्रीबुवांचे मत. हे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे, असे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. ते बरेच झाले, कारण ते कोणत्याच ग्रंथात नव्हते.

एका वर्षी त्यांच्या पत्नीला, म्हाळसाबाईंना, ताप आला. एकवीस दिवस उतरला नाही. शास्त्रीबुवांनी सागरगोटे भाजले, त्यांचे टणक कवच फोडले, आतला कडूजहर मगज खलात कुटला आणि मिऱ्यांबरोबर दिला. बाविसाव्या दिवशी ताप गेला.

पण म्हाळसाबाई काही परत आल्या नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पेज दिली तर दोन घोट घेत आणि “नको” म्हणत. दीड महिन्यात त्यांच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघाला होता. मनगट तर असे झाले की बांगड्या कोपरापर्यंत सरकत.

समाचाराला गावातल्या बायका येत. पदर तोंडाशी धरून उशाजवळ बसत आणि उसासे टाकत. एक म्हणे, “आमच्या आत्याबाईंचं अगदी असंच झालं होतं.” दुसरी विचारी, “मग?” पहिली म्हणे, “मग काय, त्यांचं वर्षश्राद्धही झालं.” एवढा धीर देऊन त्या आपापल्या घरी स्वयंपाकाला जात. शास्त्रीबुवांना हे योग्यच वाटे. आजाऱ्याच्या घरात माणसाने आजाऱ्यासारखेच दिसावे, अशी सगळ्या गावाचीच रीत होती.

रोज सकाळी शास्त्रीबुवा पत्नीचा हात हाती घेत. नाडीत साप नसे, बेडूक नसे, हंस नसे. कुठे तरी खूप खोल काही तरी हलल्यासारखे वाटे, आणि तेही दिवसेंदिवस लांब जात होते. असे किती दिवस चालते, हे त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पुष्कळदा पाहिले होते. आठ दिवस. फार तर दहा. ते पुन्हा खलापाशी येऊन बसत आणि आणखी सागरगोटे फोडायला घेत. दुसरे काय करावे हे त्यांना ठाऊक नव्हते.

अशाच एका दुपारी ठकू कुंभारीण दारात उभी राहिली. म्हाळसाबाईंच्या माहेरची, त्यांच्याच आळीतली. दोघींचे लहानपण देवळाच्या पायऱ्यांवर एकत्र गेले होते. आता तिचे केस पांढरे झाले होते, पुढचे दोन दात पडले होते, पण आवाज शाबूत होता.

“काय दाजी, सुतक असल्यासारखं काय बसलाय? माणूस जिवंत आहे ना आत?”

ओसरीवरच्या रोग्यांनी श्वास रोखले. शास्त्रीबुवांना दाजी म्हणणारे त्या गावात कोणी नव्हते. तेवढ्यात ठकूचे लक्ष खलाकडे गेले.

“अगंबाई! हे कुटताय होय? अहो, सागरगोटे खेळायचे असतात!”

“ते औषध आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“मग द्या इकडं. मीच देते तिला.”

तिने टोपलीतले पाच गुळगुळीत, राखाडी सागरगोटे निवडून घेतले आणि ती आत गेली. शास्त्रीबुवा तिला बाहेर काढायला म्हणून मागोमाग गेले आणि उंबऱ्यावरच थबकले.

ठकू अंथरुणाजवळ जमिनीवर फतकल मारून बसली होती. कशी आहेस, काय होतंय, असले तिने काहीच विचारले नाही. गोटे पसरले, एक वर उडवला, तो खाली येईतो जमिनीवरचा दुसरा उचलला आणि त्याच हातात वरचा झेलला. खट्. पुन्हा उडवला. खट्. मग दोन-दोन उचलण्याचा डाव आला. खट्, खट्. म्हाळसाबाई भिंतीकडेच तोंड करून होत्या, डोळे मिटलेले. मग तीन उचलायची पाळी आली, तेव्हा ठकूने दाराकडे एकदा पाहिले आणि हळूच डाव्या हाताने एक गोटा उजव्या हातापाशी सरकवला.

“डावा हात लावलास,” भिंतीकडून आवाज आला.

ठकू म्हणाली, “कुठं लावला?”

“लावलास. लबाड मेली. डाव माझा.”

शास्त्रीबुवांच्या अंगावर काटा आला. पाठीमागे काय चालले आहे ते या बाईने डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ओळखले होते. मनगटाला हात लावून चाळीस गावांचे रोग सांगणाऱ्या माणसाला ही विद्या नवी होती. ज्या देहात आता काही उरले नाही असे ते समजत होते, त्यात एक आठ वर्षांची मुलगी जागी होती आणि आपला डाव मागत होती.

म्हाळसाबाई कुशीवर वळल्या. हाडकुळा हात पुढे आला. गोटा वीतभर वर गेला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला.

“शास्त्र्याच्या घरात राहून हात गोठले गं तुझे, म्हाळसे!” ठकू म्हणाली.

“पुन्हा दे,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्या अकरा वेळा हरल्या आणि वाटीभर पेज प्यायल्या. पण दुसऱ्या दिवशी ठकूला घरी मडक्यांची भट्टी लावायची होती. निघताना ती म्हणाली, “आता तुम्ही खेळा तिच्याशी, दाजी.”

“मी? पोरींचा खेळ?”

“मग पोरी पाठवू का माझ्या? त्यांनाही नातवंडं झालीत.”

ठकू गेली, आणि सकाळी म्हाळसाबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या. पेज तशीच राहिली. शास्त्रीबुवांनी नाडी पाहिली. ती कालच्याहून लांब गेली होती.

ओसरी त्या दिवशी गच्च भरली होती. संस्थानचे कारभारी स्वतः आले होते. तीन वर्षे त्यांना अन्न पचत नव्हते, आणि त्यांचा चेहरा पाहून इतरांचेही पचेनासे झाले होते. त्यांच्या शब्दावर शास्त्रीबुवा राजवैद्य व्हायचे होते. ओसरीवरून आत जायचे दार अंथरुणासमोरच उघडत होते. ते लावावे, तर खोलीत मिट्ट काळोख. शास्त्रीबुवांनी एकदा ओसरीकडे पाहिले, एकदा भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीकडे पाहिले. मग दार उघडेच ठेवून त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि ते जमिनीवर बसले.

पहिला गोटा त्यांनी नाडीपरीक्षेच्या गांभीर्याने वर उडवला. तो सरळ त्यांच्या टकलावर पडला. दुसरा नाकावर आला. तिसरा गेला तो काढ्याच्या भांड्यात, आणि काढा शास्त्रीबुवांच्या दाढीवरून ओघळू लागला. आवाज ऐकून म्हाळसाबाईंनी मान वळवली.

ओसरीवरचे सगळे आता दारात जमले होते. पुढे कारभारी होते. त्यांनी करड्या आवाजात विचारले, “शास्त्रीबुवा, हे काय चाललंय?”

औषधाची परीक्षा चालली आहे, असे म्हणता आले असते. ते शोभलेही असते. शास्त्रीबुवांनी दाढी पुसली.

“हरतोय,” ते म्हणाले.

आधी वाटले, बाईंना खोकल्याची उबळ आली. मग कळले की त्या हसत आहेत. दीड महिना न वापरलेले ते हसू अडखळत, ठेचाळत बाहेर आले आणि मग त्याला खंड राहिला नाही. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. कारभाऱ्यांनी गंभीर राहण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण संस्थानच्या कामात मिळवलेला सगळा अनुभव तिथे कमी पडला. ते पोट धरून उंबऱ्यावरच बसले. त्यांच्यामागे ओसरी हसली, अंगण हसले. आणि मग, कोणी कधी ऐकला नव्हता असा एक घोगरा आवाज त्यात मिसळला. तो शास्त्रीबुवांचा होता.

हसता हसताच त्यांनी सवयीने पत्नीचे मनगट धरले. बोटांखाली नाडी परतली होती. ती साप नव्हती, बेडूक नव्हती, हंसही नव्हती. दाव्यातून सुटलेले वासरू अंगणभर उधळावे तशी ती धावत होती. चाळीस वर्षांत हजारो मनगटे त्यांनी हाती घेतली होती, पण ती सगळी निमूट बसलेल्या, धास्तावलेल्या माणसांची होती. हसणाऱ्या माणसाची नाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात उभे राहावे तसे ते तिथे बसून राहिले. बोटे उचलायची त्यांना भीती वाटत होती.

“अहो, हात सोडा,” म्हाळसाबाई म्हणाल्या, “भूक लागलीय. मऊ भात टाका. आणि मग डाव माझा आहे.”

तीन आठवड्यांनी त्या स्वतः उठून अंगणात आल्या. औषध चालूच होते, पण रोज जेवणाआधी एक डाव होई आणि रोज शास्त्रीबुवा हरत. वैद्य बिघडला असे म्हणून काही रोगी दुसऱ्या गावच्या गंभीर वैद्याकडे गेले. ते अजून त्याच्याकडेच जातात. शास्त्रीबुवा राजवैद्य झाले नाहीत. कारभारी मात्र दर आठवड्याला येत राहिले. काढा घेण्यासाठी, असे ते सांगत. येताना स्वतःचे पाच सागरगोटे घेऊन येत.

तात्पर्य: औषध रोग घालवते, पण माणसाला पुन्हा जगावेसे वाटते ते हसण्याखेळण्याने, म्हणून आजाऱ्यापाशी बसायचे तर लांब चेहरा घरी ठेवून बसावे, आणि त्याला हसवण्यासाठी स्वतःचे हसे झाले तरी चालवून घ्यावे.