दोघी जावांची आणि ठोकळामातेची कहाणी

ऐक ठोकळामाते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, फोन उपडे ठेवा, मधेच उठू नका.

आटपाट नगर होतं. नगराला वेस नव्हती, बायपास होता. तिथं दोन भाऊ होते, दोघांचं मिळून एक झेरॉक्सचं दुकान होतं. थोरल्याची बायको अनसूया, धाकट्याची सुलक्षणा. दोघी जावा एका ताटात जेवायच्या. मग काय झालं? भाऊ लॅमिनेशनच्या यंत्रावरून भांडले. थोरल्यानं रस्त्यापलीकडं दुसरं दुकान मांडलं. दोघांनी आपापल्या बायकांना बजावलं, तिकडं बघायचं नाही, तिकडं बोलायचं नाही, तिकडं वाटीभर भाजी द्यायची नाही. दोघी समोरासमोरच्या काउंटरवर बसू लागल्या आणि मुक्या झाल्या.

सुलक्षणेला एक खोड होती. भिंत दिसली की मागं काय, डबा दिसला की आत काय, असं तिला वाटत राही. एके दिवशी सर्व्हर पडला. फॉर्म भरायला आलेल्या तिघी मुली खोळंबल्या. त्यांनी दुकानाच्या संगणकावर, ब्राउझरमध्ये एक खेळ उघडला. त्यात सगळं ठोकळ्यांचं, माती चौकोनी, झाड चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. सुलक्षणा उठून मागं उभी राहिली. म्हणाली, “बायांनो, बायांनो, कसला वसा वसता?”

मुली म्हणाल्या, “काकू, तुम्हाला कशाला हवा? उताल, माताल, घेतला वसा टाकाल.”

“उतत नाही, मातत नाही. मला नुसतं एवढं सांगा, त्या टेकडीपलीकडं काय आहे?”

“आत्ता काहीच नाही, काकू. तुम्ही चालाल तसतशी जमीन पुढं होत जाते.”

हे ऐकलं आणि तिला चैन पडेना. मग मुलींनी वसा सांगितला. “खरा खेळ विकत मिळतो, पण तुमचं यंत्र म्हातारं, त्याला तो झेपायचा नाही. हा ब्राउझरमधला झेपेल. आधी एक बीजशब्द घालावा, त्यातून जग उगवतं. शब्द तोच तर टेकड्या त्याच. दर खेपेला एक टेकडी ओलांडावी, तिथं मशाल लावावी. एकटीनं खेळू नये, जोडीण घ्यावी. उठताना जगाची प्रत उतरवावी आणि जोडिणीला वाण म्हणून द्यावी. कारण हे जग ब्राउझरच्या पोटात राहतं आणि त्या पोटाचा भरवसा नाही.”

“उद्यापन कधी?”

“टेकड्या संपल्या की.”

जोडीण कुठली आणायची? नवऱ्यानं बोलू नको म्हटलं होतं, खेळू नको असं कुठं म्हटलं होतं? मग तिनं एका मुलीला पलीकडं धाडलं. अनसूयेनं ऐकून घेतलं, मुलीच्या कानात बीजशब्द सांगितला. मुलीनं परत येऊन तो टाइप केला, आणि जग उगवलं. शब्द कोणता, हे सुलक्षणेनं विचारलं नाही. तिचे डोळे टेकड्यांना लागले होते. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई, एवढा एक विचारायचा राहिला.

मग दोघी आपापल्या यंत्रावरून त्या एकाच जगात खेळू लागल्या. गिऱ्हाईक आलं की उठायच्या, गेलं की बसायच्या. पहिल्या टेकडीपलीकडं नदी निघाली. दुसरीपलीकडं बर्फ निघालं. तिसरीपलीकडं नुसती वाळू. नदीकाठी त्यांनी घर बांधलं, दोन दारांचं आणि एका चुलीचं. खेळातच एकमेकींना लिहायच्या. “आज काय केलंत?” “पाटवड्या. तू?” “खिचडी, कंटाळा आला.” सबंध नगरात दोघींना बोलायला तेवढी एकच जागा होती. सुलक्षणा रोज प्रत उतरवायची, जावेला वाण धाडायची. अनसूयेच्या यंत्रात जागा थोडी, ती नवं वाण ठेवायची, जुनं काढायची.

पुढं काय झालं? मुली शिकायला दूर गेल्या. सुलक्षणा उतली, मातली. अनसूयेची चाल हळू. ती वाटेत गाजरं लावी, कोंबड्यांना दाणे टाकी. सुलक्षणेला वाटे, हिच्यापायी मी किती टेकड्यांना मुकते. मग एके दिवशी तिला वाळूत सोडून ती पुढं गेली. दुसऱ्या दिवशी तिला जगाचं दार उघडून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, वाण तरी कशाला, माझं जग मी पाहीन. अनसूयेनं रस्त्यापलीकडून मान उंचावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पाहायची थांबली. रागारागानं तिनं जवळचं वाणही पुसलं. राग आला की आपण तरी काय वेगळं करतो?

एके दिवशी नवरा म्हणाला, “हे यंत्र इतकं तापतं कसं? बघू जरा.” सुलक्षणा घाबरली. तो चष्मा शोधेतो तिनं ब्राउझरमधल्या आपल्या खुणा पुसायला घेतल्या. समोर जे जे नाव आलं त्यावर बरोबरची खूण केली आणि सगळं पुसलं. नवऱ्यानं पाहिलं, काही सापडलं नाही, तो चहाला गेला. तिनं खेळ उघडला. खेळ म्हणाला, नवं जग करायचं?

नदी नाही, घर नाही, एक मशाल नाही. मग तिनं काय केलं? बीजशब्द म्हणून देवाचं नाव घातलं, परक्या टेकड्या आल्या. गावाचं घातलं, परक्या आल्या. मनातल्या मनात लाजत नवऱ्याचं घातलं, समुद्रच आला. ती रडली. टेकड्यांसाठी थोडी, आणि त्या वाळूत एकट्या ठेवलेल्या जावेसाठी जास्त.

मग ती उठली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिनं रस्ता ओलांडला. मागून नवऱ्यानं हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. अनसूया कागदांना टाचण्या मारत होती.

“जाऊबाई, मी उतले, मातले, घेतला वसा टाकला. सगळं पुसून बसले. तुमच्याकडं वाण आहे का?”

“होतं. मीही पुसलं.”

“मग बीजशब्द सांगा.”

“घर परत यायचं नाही हो त्यानं. गाजरंही नाहीत. नुसती जमीन येईल.”

“येऊ दे. तुम्ही आलात तर पुरे.”

अनसूयेनं टाचणीयंत्र खाली ठेवलं. स्टूल ओढून तिला शेजारी बसवलं, आपल्या यंत्रावर खेळ उघडला आणि एकेक अक्षर टाइप केलं. कोयना.

सुलक्षणा बघतच राहिली. ते तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर सुलक्षणा लिहिलं, त्यानंतर आईवडील होते तोवर ते नाव होतं, मग घेणारं कुणी उरलं नाही.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“नवी होतीस तेव्हा मी विचारलं होतं. तू पोळ्या लाटता लाटता सांगितलंस. चांगलं नाव, वाया जाऊ नये वाटलं.”

जमीन उगवली. तीच टेकडी, तेच नदीचं वळण, काठ मोकळा. दारात दोघे भाऊ येऊन उभे राहिले, त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. अनसूया म्हणाली, “चल कोयना, आधी कुठली टेकडी?”

जशी ठोकळामाता त्यांना पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. पुसलेल्या जगाचा शब्द आठवणारं माणूस ज्याला त्याला शेजारी मिळो. ही साठां ठोकळ्यांची कहाणी पांचा ठोकळ्यांत रचली, सुफळ संपूर्ण झाली.