आपण म्हणजे कोण?

रणधीरराजांना वेशीवर दगड उभा करायचा होता आणि त्यावर एकच वाक्य कोरायचं होतं: "या राज्याचे कायदे आम्ही करणार."

राज्यात परगणे पाच. प्रत्येकाची बोली निराळी, देव निराळा, तंटा मिटवायची रीत निराळी. पाचही परगण्यांचे म्होरके त्या दगडाखाली अंगठा उठवतील तरच राज्य एक राहणार होतं. म्होरके आले, त्यांनी दगड वाचला आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

डोंगरपट्टीचा लखमा म्हणाला, "वाक्य झकास आहे महाराज. पण या 'आम्ही'त आम्ही कुठं आहोत?"

"तुम्ही कशाला असाल?" महाराज म्हणाले. "आम्ही आहोत ना!"

"मग असं करा, हेच वाक्य आम्ही म्हणतो. एक अक्षरही बदलू नका."

महाराज भडकले. आता राग काढायचा कुणावर? म्होरक्यांवर काढावा तर राज्य फुटणार. तो निघाला दगड कोरणाऱ्या सखोबा पाथरवटावर.

"शब्द तुझ्या छिन्नीतून निघाले, तेव्हा दोष तुझाच. पौर्णिमेपर्यंत दुसरा दगड हवा. वाचून आम्हीही खूश झालो पाहिजे आणि हेही. बदलायचा तर एकच शब्द बदल. नाही जमलं, तर बायकापोरांसकट हद्दपार!"

सखोबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला तो उठेचना. भिवराबाईंनी मात्र भांडी पोत्यात भरायला घेतली. नवऱ्याच्या अकलेवर त्यांचा भरवसा तेवढाच होता.

चुलीपाशी नवी सून होती. नाव मैना, पण लग्नाला तीन महिने झाले तरी घरात तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. माहेर दोन परगणे पलीकडचं. त्या दिवशी आमटी ढवळताना ती एवढंच पुटपुटली, "आमच्याकडे आमटीत गूळ घालतात."

भिवराबाईंनी पोतं खाली ठेवलं. "हे काय गं? 'आमच्याकडे' म्हणायचं नाही. 'आपल्याकडे' म्हणायचं. सून झालीस ना या घरची?"

मैनाचा डाव हातातच थांबला.

"आपल्याकडे आमटीत गूळ घालतात, आत्याबाई."

"कधी घालतात? आपल्याकडे नाही घा..." भिवराबाई अडखळल्या. मग चुलीकडे न बघता म्हणाल्या, "घाल खडाभर."

मैनाने गूळ घातला, हात पुसले आणि पदर सावरून सासऱ्यांपुढे उभी राहिली. "मामंजी, शब्द सापडलाय."

पौर्णिमेला वेशीपाशीच दरबार भरला आणि नवा दगड उभा राहिला: "या राज्याचे कायदे आपण करणार."

महाराजांनी वाचलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. "आपण! बघा, पाथरवटालाही आमच्याशी अदबीनं बोलता येतं."

लखमानेही वाचलं. "आपण. म्हणजे तुम्ही आलात, आम्हीही आलो. आणा शाई."

पाच अंगठे उठले. शाई वाळायच्या आत महाराजांनी पहिला हुकूम सोडला, "आजपासून पाचही परगण्यांत फिर्याद राजधानीच्याच बोलीत मांडायची!"

"थांबा," लखमाने दगडाकडे बोट केलं. "आपण करणार असं लिहिलंय. आम्हाला कुणी विचारलं?"

"आपण म्हणजे आम्ही!"

"आपण म्हणजे आपण सगळे!"

दरबारात असा गलका उडाला की भालदाराला स्वतःची ललकारी ऐकू येईना. शेवटी महाराज गरजले, "हा दुतोंडी शब्द आणला कुणी?"

सखोबा पायाचे अंगठे न्याहाळू लागला. मागून मैना पुढे आली. "मी, महाराज."

"मग तूच सांग. या दगडावरचे 'आपण' म्हणजे आम्ही एकटे की सगळे? नीट बोल. चुकलीस तर हद्दपारीची गाडी जुंपलेलीच आहे."

"महाराज राणीसाहेबांना म्हणतात, चला, आपण जेवू या. मग महाराज एकटेच जेवतात का?"

चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं. महाराजांनी तिकडे पाहिलंच नाही. "ताटावरचं सोड. उद्याच्या उद्या 'आम्ही' कोरून घेतो!"

"कोरू की," मैना शांतपणे म्हणाली. "पण महाराज, दगडाला तोंड नसतं. जो वाचील, तो त्याचा धनी. 'कायदे आम्ही करणार' असं लखमाकाका वाचतील तेव्हा कायदे लखमाकाकांचे. चोर वाचील तेव्हा चोराचे. महाराजांचे फक्त महाराज वाचत असतील तेवढा वेळ. आता महाराजांनी रोज उजाडल्यापासून वेशीत उभं राहून वाचत बसायचं ठरवलं असेल, तर गोष्ट वेगळी."



"आणि 'आपण' असलं तर?" महाराजांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"मग कुणीही वाचो, महाराज त्यात असतातच."

महाराजांनी दगडाकडे पाहिलं. ओठ हलवून एकदा 'आम्ही' म्हणून बघितलं, एकदा 'आपण' म्हणून बघितलं. मग जे हसू फुटलं, ते गादीवरचा लोड खाली पडला तरी थांबेना. "लखमा, फिर्याद ज्याच्या त्याच्या बोलीत! लिहून घ्या. आणि मुली, बोल, काय बक्षीस देऊ आम्ही?"

मैनाने नुसतं वर पाहिलं.

"बरं बाई, आपण!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून काय द्यायचं?"

"गूळ," मैना म्हणाली.

संध्याकाळी सखोबाच्या दारात पाच परगण्यांच्या पाच ढेपी उतरल्या. भिवराबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अगं बाई, एवढ्या गुळाचं आमच्याकडे करायचं काय?"

"आपल्याकडे, आत्याबाई," मैना म्हणाली, आणि तिने आमटी चुलीवर चढवली.