पान उलटताना सुटलेली नावे

एकदा एका धर्मादाय नेत्र-रुग्णालयात मृण्मयी नावाची तरुण प्रोग्रामर काम करीत होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या अडीच हजार रुग्णांची यादी तिने संगणकावर आणली होती. पडद्यावर नोंदणीच्या क्रमाने वीस नावे दिसत. कार्यकर्ते फोन करून तारीख देत, तारीख मिळालेले नाव यादीतून निघून जाई, आणि ‘पुढील पान’ दाबताच आणखी वीस नावे समोर येत. दुसऱ्या दिवशी काम थांबलेल्या पानाच्या पुढूनच सुरू होई.

एके दिवशी सकीनाबी नावाच्या वृद्ध बाई नातीचा हात धरून दाराशी आल्या. त्यांच्यामागून नाव नोंदवलेल्या शेजारणीची शस्त्रक्रिया होऊनही गेली होती. यांना मात्र फोनच आला नव्हता. मृण्मयीने दारातच त्यांचे नाव विचारून घेतले आणि शोधले, तर ते यादीत जागच्या जागी होते. मग ते कोणालाच कसे दिसले नाही? तिला काही उमगेना. खजील होऊन ती आपले जुने शिक्षक सोनटक्के सर यांच्याकडे गेली.

सरांनी तिला संगणक उघडूच दिला नाही. बारा चिठ्ठ्यांवर बारा नावे लिहून ओळीने मांडायला लावली. पहिल्या चार वाचून झाल्या, तशा त्यांतल्या दोन त्यांनी ‘यांना तारीख मिळाली’ म्हणत उचलून खिशात टाकल्या.

“आता वरच्या चार सोड आणि पुढची वाच.”

तिने चार मोजून सोडल्या. हाती आली ती मूळची सातवी चिठ्ठी. ती थबकली.

“पाचवं आणि सहावं नाव वर सरकलं. मी ती दोन्ही न वाचताच ओलांडली.”

“तुझं यंत्र हेच करतं,” सर म्हणाले. “दर पानाला ते पहिल्यापासून मोजतं. यादी स्थिर असती तर चाललं असतं. पण ही माणसांची यादी आहे, ती हलणारच. किती पुढे आलो हे मोजू नकोस. शेवटी कोणापाशी थांबलो ते लक्षात ठेव, आणि त्याच्या पुढचे कोण, एवढंच विचार.”

मृण्मयीने तसा बदल केला. दर पान आता शेवटच्या वाचलेल्या नोंदणी क्रमांकापासून पुढे जाऊ लागले. मग तिने मागे सुटलेली, एकदाही फोन न गेलेली नावे काढली. ती एकशे बारा निघाली. ते काम तिने कोणावर सोपवले नाही. पहिला फोन स्वतः सकीनाबींना लावला.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली, तेव्हा सकीनाबी तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“त्या दिवशी दारात तूच बोललीस ना, पोरी? आवाज ओळखला मी. चेहरा आज दिसला.”

मृण्मयीने त्यांना खुर्ची दिली, क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, आणि पुढच्या नावाला फोन लावला.