गार गाडी आणि चिचुंद्रीचं बाळ

द्राक्षांचं एक गाव होतं. पौष महिना होता. थंडी अशी, की कळशीतलं पाणी बोटांना चावायचं. सकाळ झाली तरी उजाडल्यासारखं वाटायचं नाही.

गावात रंगनाथकाका आणि मथुराकाकू राहायचे. त्यांच्या अंगणात एक नवी हायब्रिड गाडी होती. ती पेट्रोल पिऊन चालायची आणि बॅटरीवरही चालायची. त्या गाडीखाली, विटांच्या फटीत, एक चिचुंद्री राहायची. इवलीशी. तिचं बाळ तर तिच्याहून इवलंसं.

दिवाळीत काका रोज लांब जायचे. गाडी तापून यायची. खालची फट उबदार व्हायची. आता थंडी पडली. आता काका कोपऱ्यापर्यंतच जातात. दुधाला गाडी. साखरेला गाडी. कोथिंबिरीच्या एका जुडीलाही गाडी. नवी आहे ना! भुर्रर्र गेली, भुर्रर्र आली. गार गेली, गारच आली.

एका सकाळी बाळ हलेना. डोळे मिटलेले. पाय गारठलेले. चिचुंद्रीनं बाळाला चिंधीत गुंडाळून फटीत ठेवलं आणि ती निघाली.

तुरुतुरु, चिकचिक. गाडीकडे गेली.
"गाडीताई, गाडीताई, ऊब दे.
बाळ हलत नाही."
"मी नाही देणार. इंजिन तापत नाही."

तुरुतुरु, चिकचिक. इंजिनाकडे गेली.
"इंजिनदादा, इंजिनदादा, ताप ना.
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
"मी नाही तापणार. तापू लागतो, तोच घर येतं. काका लांब नेत नाहीत."

तुरुतुरु, चिकचिक. काकांकडे गेली. काका मफलर गुंडाळून बसले होते.
"काका, काका, लांब जा हो.
इंजिन तापत नाही,
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
"मी नाही जाणार. इथल्या इथे फिरतो, तरी टाकी रिकामी होते. पेट्रोल उरत नाही."

तुरुतुरु, चिकचिक. पेट्रोलकडे गेली.
"पेट्रोलभाऊ, पेट्रोलभाऊ, उर ना.
काका लांब नेत नाहीत,
इंजिन तापत नाही,
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
"मी नाही उरणार. इंजिन एकटंच राबतं, मला घटाघटा पितं. बॅटरी उठत नाही."

तुरुतुरु, चिकचिक. बॅटरीकडे गेली.
"बॅटरीबाई, बॅटरीबाई, ऊठ ना.
पेट्रोल उरत नाही,
काका लांब नेत नाहीत,
इंजिन तापत नाही,
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
"मी नाही उठणार. थंडीनं आखडलेय. अंग जरा मोकळं होतं, तोच फेरी संपते. काकू सगळं सामान एकदम सांगत नाही."

आता काकूकडे जायचं. चिचुंद्रीला भीती वाटली. चिचुंद्री दिसली की माणसं आधी नाक धरतात, मग झाडू धरतात. पण बाळ गार पडलं होतं. ती गेली.

तुरुतुरु, चिकचिक.
"काकू, काकू, एकदम सांग.
बॅटरी उठत नाही,
पेट्रोल उरत नाही,
काका लांब नेत नाहीत,
इंजिन तापत नाही,
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
काकूनं आधी नाक धरलं. मग झाडू धरला.
"मी नाही सांगणार. मला एकेक आठवतं, मी एकेक आणवते. रिकामे डबे वाजत नाहीत."

तुरुतुरु, चिकचिक. फळीवर चढली.
"डब्यांनो, डब्यांनो, वाजा ना.
काकू एकदम सांगत नाही,
बॅटरी उठत नाही,
पेट्रोल उरत नाही,
काका लांब नेत नाहीत,
इंजिन तापत नाही,
गाडी ऊब देत नाही,
बाळ हलत नाही."
"आम्ही नाही वाजणार. आम्हाला कुणी हलवत नाही."

सगळ्यांनी नाही म्हटलं. चिचुंद्री फळीवर बसली आणि रडली. खूप रडली. कुणी आलं नाही.

मग तीच उठली. तिनं डब्याला नाक लावलं आणि ढकललं. डबा हलेना. पुन्हा ढकललं. डबा जरासा हलला. पुन्हा ढकललं.
खण! खणखण! धडाम!
एक डबा पडला. त्यानं दुसरा पाडला. दुसऱ्यानं सगळे पाडले.

डबे वाजले. काकू धावली. बघते तर सगळे रिकामे.
"अहो, साखर नाही, गूळ नाही, डाळ नाही, तेल नाही. सगळं एकाच फेरीत आणा."

काकूनं एकदम सांगितलं.
एवढं सगळं कोपऱ्यावर मिळत नाही. गाडी निघाली. कोपरा गेला, दुकान गेलं, पूल गेला. बॅटरी उठली.
बॅटरीनं ओझं उचललं. पेट्रोल उरलं.
काकांनी पेट्रोलचा काटा बघितला. म्हणाले, मग तालुक्यालाच जाऊ. काका लांब गेले.
इंजिन तापलं.

इकडे बाळ हललं नव्हतं. चिचुंद्री फटीत परतली आणि त्याला चाटत बसली. ऊन आलं आणि ढगात गेलं. दुपार झाली. गाडी येईना. चिचुंद्री चाटतच राहिली.

भुर्रर्र... भुर्रर्र... गाडी आली. अंगणात थांबली. विटांवर हळूहळू ऊब उतरली. गाडीनं ऊब दिली.

चिंधी गरम झाली. बाळाचं पोट गरम झालं. एक पाय हलला. मग दुसरा हलला. मग बाळ मोठ्यानं रडलं, कारण त्याला भूक लागली होती. चिचुंद्रीनं इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

चुटुक चुटुक, चुटुक चुटुक. बाळ दूध पीत राहिलं.

बाळाचं पोट भरलं, थंडीचं गाणं सरलं.