एकात एक अडकलेली पातेली

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक म्हातारी आणि तिच्या दोन सुना राहत होत्या. सुनांचं पटेना, म्हणून घर वाटायचं ठरलं.

त्या गावची एक रीत होती. नव्या चुलीवरचा पहिला भात जुन्या घरातल्या पातेल्यातच शिजला पाहिजे. तोवर दोन्हीकडे चूल पेटवायची नाही. म्हातारीकडे माहेरची दोन पितळी पातेली होती. तिनं मोठं थोरलीला दिलं, लहान धाकटीला. म्हातारीनं कुठे राहायचं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

थोरलीनं आपलं पातेलं शेजारून आणलेल्या कढत पाण्यानं धुऊन ठेवलं. धाकटी रागातच होती. तिनं आपलं गार पातेलं त्यात दाणकन आदळलं आणि निघून गेली. सकाळी बघतात तर दोन्ही एकमेकांत घट्ट रुतलेली!

म्हातारीचे दोन्ही मुलगे ओढून दमले. तेल सोडलं, तर हातच निसटू लागले.

"ऊन पाण्यात ठेवा," थोरली म्हणाली.

"छे, गार पाण्यात!" धाकटी म्हणाली.

दोन्ही पातेली ऊन पाण्यात बुडवली. हलेनात. मग गार पाण्यात बुडवली. तरी हलेनात. शेजारी जमले. निम्मे म्हणाले ऊन, निम्मे म्हणाले गार, आणि थोड्या वेळानं आपण आधी काय म्हणालो होतो तेच कोणाला आठवेना. पोरं भुकेनं रडू लागली. म्हातारी उंबऱ्यावर बसून एकदा या सुनेकडे बघे, एकदा त्या सुनेकडे.

शेवटी तांबट आला. त्यानं पातेली उलटीसुलटी करून पाहिली.

"आतलं कापावं लागेल," तो म्हणाला.

आतलं धाकटीचं. तिचा चेहरा पडला. थोरलीला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना. का होत नाही, हे तिचं तिलाच कळेना.

तांबटानं छिन्नी उचलली, तशी थोरली ओरडली, "थांबा!" मग धाकटीला म्हणाली, "बाहेरचं माझं ना? त्याला मी ऊन पाणी देते. आतल्यात तू गार ओत."

"दोन्ही एकदम? असं कुठे असतं का, जाऊबाई?"

"मलाही ठाऊक नाही. ओत तर खरी."

थोरलीनं परातीत शेजारचं कढत पाणी घेऊन पातेली त्यात ठेवली. धाकटीनं आतल्या पातेल्यात माठातलं पाणी ओतलं. जरा वेळानं टक् असा आवाज झाला. धाकटीनं काठाला धरून उचललं, तर पातेलं अलगद हातात आलं. तांबट छिन्नीकडे बघत राहिला.

त्या दिवशी दोन चुली पेटल्या, दोन पातेल्यांत भात शिजला. दोघी सुना एकदमच उंबऱ्याशी आल्या.

"आई, आधी माझ्याकडे."

"नाही, आई, आधी माझ्याकडे!"

म्हातारी पुन्हा गोंधळली. पण या वेळी ती हसत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

तात्पर्य: वेगळं व्हायचंच असेल तर ओढाताण करू नये, ज्याला ऊब हवी त्याला ऊब द्यावी, ज्याला गारवा हवा त्याला गारवा, म्हणजे काही न तुटता सुटतं.